पूजेत बसलेला चौदा-पंधराचा पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. चौदा-पंधराचा रिंग पाना. एका टोकाला चौदाचा गोल, दुसऱ्या टोकाला पंधराचा, आणि मधे एक वीतभर दांडी. मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोलादाला कसली भीती, असं तुम्ही विचाराल. पण ऐरणीवर मार खाताना मी भ्यालो नाही, भट्टीत लाल होताना भ्यालो नाही. मी भ्यालो तो एका दसऱ्याला, एका प्रेमळ म्हातारीच्या मांडीवर, झेंडूच्या माळेत. त्या दिवसापासून कुंकवाचं बोट जवळ आलं की माझी दांडी गार पडते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. तिथे माझ्यासारखे हजारो जन्मले. सगळे एका चेहऱ्याचे, त्यामुळे आईबापांची आठवण अशी काही नाही. गोणपाटात गुंडाळून, मालगाडीने, मग ट्रकने मी धुळ्याला आलो आणि पाचकंदिलाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला लटकलो. तिथून मला अभिमनभाऊंनी घेतलं. मला हातात धरून त्यांनी आधी माझं वजन पाहिलं, मग कान धरावा तसा माझा गोल पाहिला आणि म्हणाले, "हा चालेल." माझं सगळ्यात मोठं कौतुक झालं ते हेच.

अभिमनभाऊ पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांच्याकडे चार हात फिरून आलेली एक फियाट होती, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही असा त्यांचा पण होता. गॅरेजवाले घाई करतात, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः घाई करत नसत. रविवारी देवपुरातल्या घरासमोर गोणपाट अंथरून ते गाडीखाली जात आणि फक्त त्यांच्या चपला बाहेर दिसत. शेजारचे लोक त्या चपलांशीच बोलून जात.

त्यांची पद्धत मला फार आवडायची. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, पेच नीट धरला ना ते पाहायचं. मग माझी पाळी. चार बोल्ट असले तर समोरासमोरचे, एक इकडचा, एक तिकडचा, असे थोडे थोडे आवळायचे. मग सगळे पुन्हा एकदा, पूर्ण जोर लावून. बोल्ट फिरवणं हे बोटांचं काम आहे मित्रांनो, ते कोणीही करील. मी असतो तो शेवटच्या पाव फेऱ्यासाठी. त्या पाव फेऱ्यात बोल्ट एकदा कच्चकन बोलतो आणि मग कायमचा गप्प होतो. तो गप्प झाला की माणसाने निश्चिंत गाडीत बसावं.

आता त्या वर्षीची गोष्ट. साल अठ्ठ्याऐंशी. खंडेनवमीच्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती आणि फियाटचे ब्रेक लागेनासे झाले होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अभिमनभाऊंच्या आईला, झुंबरबाईंना, माहेरी न्यायचं होतं. माहेर लळिंगच्या घाटापलीकडे. जाताना चढ, येताना उतार. ब्रेक केल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं.

सकाळपासून आम्ही कामाला लागलो. पुढचं उजवं चाक उघडलं, ब्रेकचे नवे लायनर बसवले, सगळं आवळून बंद केलं. मग डावं. डाव्या चाकामागची लोखंडी प्लेट गंजून पापडासारखी झाली होती. ती ताटाएवढी प्लेट ब्रेकचं सगळं बिऱ्हाड अंगावर घेऊन बसते. ब्रेक दाबला की फिरतं चाक तिला आपल्याबरोबर ओढू पाहतं, आणि तिला जागेवर धरून ठेवतात ते फक्त चार बोल्ट. ते सुटले तर प्लेट चाकाबरोबर गरगर फिरते, ब्रेकच्या तेलाची नळी तोडते, आणि मग पायाखाली पेडल असतं पण ब्रेक नसतो. हे मला ठाऊक होतं. अभिमनभाऊंना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसरी प्लेट आणून ठेवली होती.

त्यांनी ती बसवली. चारी बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर आणले. हात तेलकट झाले होते म्हणून चिंधीला पुसले आणि मला उचललं. माझा गोल पहिल्या बोल्टवर बसणार, तोच वरून सावली पडली.

"अभिमन, हत्यारं दे आते. पूजाना टाइम व्हई ग्या."

"दहा मिनिट थांब माय. थोडंसं काम बाकी शे."

"तुना दहा मिनिट मी तुना जलमपासून देखस," झुंबरबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला भाऊंच्या हातातून काढून घेतलं. अगदी सहज. लेकराच्या हातातून माती घ्यावी तसं.

"माय!"

"नवमीले हत्यारले काम सांगतस का रे? तुना मामाना चुलता नवमीले कुऱ्हाड उचलीसन झाडवर ग्या. पायना अंगठा ग्या त्याना. देवीनी दखल लिधी."

हा अंगठा दर नवमीला जात असे. अभिमनभाऊ पदवीधर होते; अंगठ्याशी देवीचा संबंध नाही हे त्यांना माहीत होतं. पण झुंबरबाईंशी संबंध आहे हेही त्यांना माहीत होतं.  झुंबरबाईंनी पक्कड, पेचकस, हातोडी, माझे लहानमोठे भाऊबंद, सगळे पदरात गोळा केले आणि घरात नेले.

मित्रांनो, माझ्या भीतीची सुरुवात इथून झाली.

आम्हाला दुधापाण्याने धुतलं. पाटावर लाल फडकं घातलं आणि ओळीने मांडलं. आमच्या शेजारी विळी होती, खलबत्ता होता, मंदाबाईंची शिवणाची कात्री होती. मंदाबाई म्हणजे भाऊंची बायको. भाऊंच्या मुलीने, पुष्पाने, भूमितीचं पुस्तक हळूच आणून विळीखाली सरकवलं, म्हणजे दोन दिवस त्याला हात लावायची सोय नाही. हळद झाली, कुंकू झालं, झेंडूची माळ झाली. हातोडी मूळचीच भाविक, ती डोळे मिटून बसली. पक्कड तर फुलांत लोळत होती. "वर्षातून एक दिवस तरी मान मिळतो," म्हणाली. मी तिला चार बोल्टांचं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ आहेत ना, बघतील."

भाऊंनी काय पाहिलं ते ऐका. चाकाचा पाना आणि जॅक डिकीत होते. झुंबरबाईंचं लक्ष तिकडे गेलं नाही, त्यामुळे ते दोघे नास्तिकच राहिले. भाऊंनी त्यांच्या जोरावर ब्रेक झाकणारा ड्रम चढवला, चाक चढवलं, चाकाचे नट आवळून घट्ट केले. गाडी उघड्यावर जॅकवर ठेवून कसं चालेल, उद्या काढू परत, असा विचार केला असावा. पण बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? चार चाकं, चारही घट्ट, टोप्या चकचकीत. आत चार बोल्ट बोटांच्या भरवशावर.

दिवेलागणीला भाऊ देव्हाऱ्यापाशी आले. इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडे हात केला. त्यांची बोटं माझ्या दांडीला लागली. चला, सुटलो, असं मला वाटलं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "तठे उंदीर शे का वं मंदा? कायतरी खुडबुड व्हई ऱ्हायनी."

भाऊंनी हात मागे घेतला, जोडला, आणि मला नमस्कार केला. "मी शे माय. पाया पडी ऱ्हायनू."

ज्याने मला वापरायचं तो माझ्या पाया पडून निघून गेला. असा अपमान माझा कोणी केला नव्हता.

दसऱ्याची सकाळ झाली. मला वाटलं, आता हा पाट उठेल. पाट उठला, पण झुंबरबाईंच्या डोक्यात वेगळंच होतं. त्यांनी आम्हाला त्या लाल फडक्यातच, कुंकवासकट, माळेसकट गुंडाळलं आणि म्हणाल्या, "ह्या मनासंगे येतीन."

"कुठे?" भाऊंनी विचारलं.

"शीववर. मना बापना घर बठ्ठा हत्यारं शीववर लई जायेत. हत्यार घरमा बठाडीसन मानूस एकलाच शीव वलांडस, ते काय सीमोल्लंघन शे? शीव वलांडानी, घर येवानं, ओवाळानं, मंग हत्यारले हात लावाना."

भाऊंचा चेहरा मी फडक्याच्या फटीतून पाहिला. ते हिशेब करत होते. गाडी शिवेपलीकडे जाऊन परत आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, आणि पान्याचा हात लागल्याशिवाय गाडीने जायचं नाही.

"माय, गाडीनी बी पूजा व्हयनी ना?" त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "मंग गाडी कशी चालाडानी?"

"गाडी काय हत्यार शे? गाडी बैल शे. बैल दसराले चालस."

मंदाबाई हसल्या. पुष्पा हसली. भाऊ पण हसले, आणि तिथेच चुकलं. हसण्याच्या ऐवजी त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते ओठापर्यंत आलेलं मी पाहिलं. पण सणाचा दिवस, आई नटूनथटून उभी, काल चाक का बंद केलं असं बायको विचारणार, म्हणून ते वाक्य त्यांनी गिळलं. मनाशी पुटपुटले ते मात्र मला ऐकू आलं, "बोटांनी बसवलेत, तसे घट्टच आहेत. हळू जाऊ."

मित्रांनो, घट्टच आणि 'तसे घट्टच' यांच्यात एका पाव फेऱ्याचं अंतर असतं. त्या पाव फेऱ्यात चार माणसं बसली होती.

झुंबरबाई पुढे, भाऊंच्या शेजारी बसल्या. आम्ही त्यांच्या मांडीवर. मंदाबाई आणि पुष्पा मागे. डावं चाक माझ्यापासून हातभर अंतरावर, पत्र्याच्या पलीकडे. ज्या बोल्टला माझी गरज होती त्याच्याकडे तोंड करून मी फुलांत पडून होतो. यापेक्षा भट्टी बरी.

गावातून निघेपर्यंत काही झालं नाही. आग्रा रोडला लागलो. पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला, भाऊंनी ब्रेक दाबला, आणि खालून आवाज आला. खट्.

फार मोठा नाही. दार नीट न लागल्यावर येतो तेवढा. पण मला तो दांडीत लागला. प्लेट हलली होती.

"हाऊ कसाना आवाज शे रे?" झुंबरबाईंनी विचारलं.

"नवा लायनर शेतस माय. बठतीन आते."

मी पकडीकडे पाहिलं. तिचे डोळे विस्फारले होते. तिचा झेंडू थरथरत होता.

चढाला ब्रेक फारसा लागत नाही. म्हणून घाट चढताना भाऊंचा धीर वाढला. ते पुष्पाला लळिंगचा किल्ला दाखवू लागले. मला मात्र चाकातलं सगळं कळत होतं. गाडी खड्ड्यातून गेली की बोल्ट आपल्या जागेत एक केसभर फिरायचे, उलट्या दिशेने. त्यांना कोणी गप्प केलं नव्हतं म्हणून ते बडबडत होते. एकजण म्हणत होता, मी निघालो. दुसरा म्हणत होता, थांब, मीही येतो. मी ओरडत होतो की थांबा, मी आलोय, मी इथेच आहे. पण पोलादाचं ओरडणं माणसाला ऐकू येत नाही. झुंबरबाईंनी माझ्यावरची माळ सारखी केली, एवढंच.

घाटमाथ्यावर शीव आली. गाडी थांबली. आपट्याची पानं तोडली. झुंबरबाईंनी आम्हाला कडेवर घेऊन, चपला काढून, शिवेपलीकडे पाच पावलं टाकली. भाऊ माझ्याकडे बघत होते. शीव ओलांडली, आता देईल, असं त्यांना वाटलं असणार. झुंबरबाईंनी फडक्याची गाठ आणखी पक्की केली.

माहेरी खापरावरचे मांडे होते, आमरसाचे दिवस नव्हते म्हणून दूध-गूळ होतं. सगळे जेवले. भाऊंना घास जाईना. त्यांचा मामा उखर्डू अंगणात उभा राहून गाडीकडे बघत होता. गाडी आत घेताना त्याने तो आवाज ऐकला होता.

"भाचा, तुनी गाडी दात खाई ऱ्हायनी भो!"

"जंत झाले असतील मामा," भाऊ म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले. त्या कुटुंबात हसण्यावारी नेता येत नाही असं काही नव्हतं, हेच त्यांचं दुर्दैव.

"सांग ना त्याला," मी आतून म्हणत होतो. "मामाला सांग. कोणालाही सांग."

भाऊ गाडीपाशी गेले, वाकले, चाकाआड हात घातला. हात काढला तेव्हा बोटांना नळीच्या रबराचा काळा भुगा लागला होता. त्यांनी तो विजारीला पुसला. चेहरा मात्र पुसता आला नाही. तो पांढरा पडला होता.

सूर्य कलला तेव्हा आम्ही निघालो. घरी दिवे लागायच्या आत ओवाळायचं होतं, त्यामुळे झुंबरबाईंना घाई. मागून ट्रक, पुढून ट्रक. सपाटीवर भाऊ इतके हळू चालवत होते की एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकून वळून पाहिलं.

"अहो, पायी गेलो असतो तर पोचलो असतो," मंदाबाई म्हणाल्या.

भाऊंनी वेग आणखी कमी केला. त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरला.

मग घाटमाथा आला. रस्ता पुढे वाकला आणि खाली, दूरवर, धुळ्याकडची सपाटी दिसली. गाडी आपणहून वेग घेऊ लागली. भाऊंनी ब्रेक दाबला.

खट्. खटाक्. गाडी उजवीकडे ओढली गेली. पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुष्पा समोरच्या सीटवर आदळली. आणि माझ्या दांडीला कळलं की चौघांतला एक आता तिथे नाही. तो रस्त्यावर कुठेतरी टणटणत मागे राहिला होता.

समोरून उसाचा ट्रक वर येत होता. भाऊंनी गाडी खालच्या गियरमधे टाकली, हँडब्रेक ओढला, डावीकडे मुरमात घातली. मुरूम चाकाखाली किंचाळला. गाडी थांबली. ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला, आमच्या बॉनेटवरची माळ त्याच्या वाऱ्याने तुटून दरीत गेली.

 भाऊंनी इंजिन बंद केलं.

"माय," ते म्हणाले, "तो पाना दे."

"घर जाईसन. ओवाळाना शे अजून."

"माय, दे."

"काबर?"

आता ते वाक्य आलं. कालपासून अडकलेलं. "डावा चाकना बोल्ट मी काल नुसता हातवरी बसाडात. पाना लावाच नही."

झुंबरबाईंनी मान वळवून लेकाकडे पाहिलं.

"कालदिन काबर नही सांगं?" झुंबरबाईंनी विचारलं. आवाज अगदी हलका.

"तू पाना हातमाईन लई लिधा ना माय."

"पाना लिधा व्हता," झुंबरबाई म्हणाल्या. "जीभ नही लिधी व्हती."

मागून मंदाबाईंचा आवाज आला. त्यात हसू नव्हतं. "आणि रात्री जेवताना? सकाळी? मी पोरीला घेऊन मागे बसले तेव्हा? लायनर बसतायत म्हणे!"

"मला वाटलं..." भाऊ म्हणाले.

"काय वाटलं?"

 माझ्या मते भाऊंना आईची भीती वाटली होती, आणि त्या भीतीपुढे घाट लहान दिसला होता. घाट समोर आल्यावर त्याचं माप कळलं.

झुंबरबाईंनी मांडीवरची गाठ सोडायला घेतली. ती त्यांनीच पक्की केली होती, आता त्यांच्याच बोटांना सुटेना.  अंगठा गेलेल्या चुलत्याची गोष्ट त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या आणि ती त्यांच्यासाठी गोष्ट नव्हती. शेवटी त्यांनी गाठ दातांनी सोडली. मला बाहेर काढलं. माझ्यावरची हळद-कुंकवाची ओल पदराने पुसली, कारण ओल्या दांडीवरून हात घसरतो हे विळी धरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मग मला कपाळाला लावलं, पुटपुटल्या, "माय भवानी, चुकी मनी शे, पोऱ्यानी नही," आणि मला लेकाच्या हातात दिलं.

मंदाबाईंनी आणि पुष्पाने चाकांना दगड लावले. भाऊंनी नास्तिक जॅक आणि नास्तिक पाना डिकीतून काढला. चाक उतरलं, ड्रम उतरला. आत पाहून भाऊ खालीच बसले. एक बोल्ट गेलेला. दुसरा शेवटच्या पेचावर लोंबत होता, फुंकर मारली तर पडला असता. उरलेले दोन सैल. प्लेट तिरकी झाली होती आणि तेलाची नळी तिच्या कडेला घासत होती. फुटली नव्हती. वरचं रबर खरवडलं होतं, इतकंच. त्या घाटात आणखी एकदा जोराने ब्रेक दाबला असता, तर मला हे आत्मवृत्त सांगायला कोणी उचलून आणलं नसतं.

भाऊंनी उजवं चाकही उघडलं. तिथले चार बोल्ट मीच काल गप्प केलेले होते. त्यातला एक काढून डावीकडे आणला. म्हणजे डावीकडे चार, उजवीकडे तीन पण घट्ट. घरापर्यंत चालेल एवढी सोय. नळी प्लेटपासून दूर बांधली, त्यासाठी माझ्याच झेंडूच्या माळेचा सुतळीदोरा कामी आला.

मग त्यांनी चारी बोल्ट बोटांनी बसवले आणि मला पहिल्यावर ठेवलं. आधी मी दोनदा घसरलो.

"नीट धर," झुंबरबाई म्हणाल्या. त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या होत्या, पदर डोळ्यांपाशी धरून. "घाई नको करू. मी आठेच शे."

वरचा, मग खालचा. डावा, मग उजवा. थोडा थोडा. मग पुन्हा पहिल्यापासून, सगळा जोर लावून. कच्च. कच्च. कच्च. कच्च. चौघे एकामागून एक बोलले आणि गप्प झाले. उजवीकडचे तिघेही भाऊंनी पुन्हा तपासले. मला पुसलेलं असूनही माझ्या पंधराच्या गोलात थोडं कुंकू उरलं होतं, ते बोल्टांच्या डोक्यांना लागलं. चारी बोल्ट सवाष्णींसारखे दिसू लागले. पुढे कित्येक महिने ते तसेच लाल होते.

चाकं चढली. सगळे बसले. तरी कोणाची भीती गेली नव्हती. घाट तोच होता आणि अंधारून येत होतं. दुसऱ्या गियरमधे, मुंगीच्या पावलांनी आम्ही उतरू लागलो. पहिल्या वळणावर भाऊंनी ब्रेक दाबला. चारी माणसांनी श्वास धरला. मीही धरला.

आवाज आला नाही.

दुसऱ्या वळणावर आला नाही. खाली सपाटीवर आलो तरी आला नाही. तेव्हा पुष्पा मागे मोठ्याने रडू लागली, आणि तिला गप्प करता करता मंदाबाई. भाऊंनी आरशात पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.  दारात त्यांनी आईचे पाय धरले. झुंबरबाई सुनेला म्हणाल्या, "पहिले त्याले ओवाळ." आणि मला पहिल्यांदा ओवाळलं गेलं, तेलकट, काळा, जसा कामावरून आलो होतो तसा.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला झुंबरबाईंनी एक नवीन रीत काढली. कोणतंही हत्यार पाटावर ठेवण्याआधी ते हातात धरून त्या घरातल्या सगळ्यांना विचारायच्या, "यानं काम पुरं व्हयनं का?" पुष्पाने भूमितीचं पुस्तक आणलं तर तेही धरून विचारायच्या, त्यामुळे पुष्पाची पंचाईत झाली. उत्तर मिळाल्याशिवाय कुंकवात बोट घालायच्या नाहीत. त्या गेल्यावर मंदाबाई विचारू लागल्या.

नंतरचं आयुष्य सगळ्या पान्यांचं असतं तसं. फियाट विकली गेली. भाऊंच्या गुडघ्यांनी गाडीखाली जायला नकार दिला. मी काही वर्षं माळ्यावर एका डब्यात होतो, गंजलो, एकदा नारळ फोडायला वापरला गेलो. तो अनुभव मी विसरू इच्छितो. आता पुष्पाच्या घरी आहे, जामनेरला. ती मला रॉकेलमधे भिजवून काथ्याने घासते आणि तिची मोपेड माझ्याकडून आवळून घेते. नवमीला मला पाटावर ठेवताना तीही विचारते. तिच्या सासूला ही माहेरची कुठलीतरी विचित्र रीत वाटते.

मित्रांनो, आम्हाला पुसा, कोरडं ठेवा, नारळ फोडायला दगड वापरा, एवढं तर मागतोच. पूजा करा, माझी ना नाही. पण मला माहीत आहे की आत्ता, कुठेतरी, एका अंगणात कोणीतरी बोल्ट बोटांनी फिरवून ठेवलाय आणि त्याला हाक आली आहे. जेवायला, पाहुण्यांकडे, देवाकडे. तो उठून निघालाय, मनात म्हणतोय, नंतर करू. चाक बंद झालंय आणि बाहेरून सगळं चकचकीत दिसतंय. या विचाराने मला अजून दरदरून घाम फुटतो. पुष्पा म्हणते, पावसाळी हवेने पाना दमट होतो.

उठायची वेळ आलीच तर उठा. पण उठताना मोठ्याने सांगा, घरभर सांगा, आईला सांगा, ओरडा खाऊन सांगा, की हे काम अर्धं आहे, या गाडीत कोणी बसू नका. मी त्या दिवशी सगळा रस्ता ओरडत होतो आणि कोणाला ऐकू गेलं नाही. मला जीभ नाही. तुम्हाला आहे.